उसनी झोप

"पाळीवाल्यांना मी घेत नाही," मोहिते मॅडम म्हणाल्या आणि रूपेश भुवडचा अर्ज त्यांनी टेबलावरून पुन्हा त्याच्याकडे सरकवला. "राग मानू नका. एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री. असा माणूस मला मिळणार कधी?"

रूपेशने खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्या इतक्या वेळा पडल्या होत्या की कागद मधोमध फाटायला आला होता.

"लिहून आणलंय. पहिली पाळी असेल तेव्हा दुपारी चार ते सात. दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळी आठ ते बारा. रात्रपाळीच्या आठवड्यात नुसता गुरुवार. माझ्या सुट्टीचा वार."

"आणि झोपणार कधी?"

"उरलेल्या वेळात."

मॅडम हसल्या. मग त्याचं तोंड बघून थांबल्या. "कारखान्याचा पगार पुरत नाही का?"

"पुरतो."

"मग?"

"घरात बसवत नाही," रूपेश म्हणाला.

शिरगावला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी हे ऑफिस होतं. पत्र्याची एक खोली, समोर मोठं मैदान आणि मैदानात रांगेने उभे असलेले ट्रक. एकाही ट्रकमध्ये माणूस नव्हता. चार वर्षं झाली, बंदरातून माल घेऊन निघालेला ट्रक आपला आपण इथपर्यंत येत असे. सरळ रस्त्यावर तो माणसापेक्षा चांगला चाले. ना दमे, ना चहाला थांबे. पण घाटात त्याचं काही चालत नसे. यंत्राला शंका आली की ते थांबतं, आणि घाटात शंका पावलोपावली येते. धुकं उतरतं, दरड सुटून चार दगड रस्त्यावर येतात, वळणावर माकडं बसलेली असतात. समोरून एसटी आली की दोन ड्रायव्हर एकमेकांकडे बघून, हॉर्न देऊन, हात दाखवून ठरवतात कोणी आधी जायचं. हे बघणं यंत्राला शिकवता आलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात घाट सहा वेळा बंद पडला, तेव्हा नियम आला: घाटात माणूसच पाहिजे. पायथ्याशी माणूस चढायचा, ट्रक वर हेळवाकला न्यायचा, तिथे यंत्राच्या ताब्यात द्यायचा आणि उतरणारा दुसरा ट्रक घेऊन खाली यायचं. दोन-तीन तासांचं काम. अर्धवेळ.

रूपेश लग्नाच्या आधी सहा वर्षं ट्रकवर होता. याच घाटात. मग बॉयलरचा दाखला काढून तो खेर्डीच्या एका रसायनाच्या कारखान्यात लागला, त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

"हात विसरलेला नाही," तो म्हणाला.

"हाताचं मी विचारतच नाहीये." मॅडमनी ड्रॉवरमधून रुपयाएवढी एक पातळ चकती काढली. "ही लावा कानामागे. तीन चाचण्या मिळतील. जागांक पासष्टच्या वर आला तर ट्रक स्टिअरिंग तुमच्या हातात सोडेल. तिन्ही वेळा खाली राहिला तर दोन वर्षं नाव लागत नाही. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

जागांकाचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस जागा असतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक द्रव्य साचत जातं. जितका वेळ जाग, तितका साठा. झोपेत तो निचरून जातो. साठा वाढला की मेंदू थोडा थोडा बंद पडू लागतो, आणि गंमत म्हणजे हे त्या माणसाला कळत नाही. दमलेल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, मी ठणठणीत आहे. म्हणून ड्रायव्हरला विचारायचंच नाही असं ठरलं. कानामागची चकती रात्रभर मेंदूच्या लहरी वाचते, घामातली रसायनं तपासते आणि सकाळी शंभरपैकी एक आकडा देते. पुढे दिवसभर तासागणिक तो आकडा उतरत जातो. एका माणसाचा एकच जागांक. तो तुम्ही बॉयलरसमोर घालवा नाहीतर स्टिअरिंगवर. बॉयलरला चाळीस पुरे होता. घाटाला पासष्ट.

केबिनमध्ये डोळ्यांवर कॅमेरा लावायला ड्रायव्हरांच्या संघटनेने साफ नकार दिला होता. त्यामुळे सगळा भरवसा त्या चकतीवर होता.

पहिल्या चाचणीला रूपेश पहिल्या पाळीवरून थेट गेला. केबिनमध्ये बसला, पट्टा लावला. समोरच्या पडद्यावर आकडा उमटला: अडतीस. स्टिअरिंग दगडासारखं घट्ट राहिलं. आठवड्याने दुसरी. एक्केचाळीस.

"पोरीने नकार दिल्यासारखा चेहरा पाडू नकोस," इक्बाल परकार म्हणाला. इक्बाल घाटावरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर, पूर्वी टँकरवर होता. रूपेशला तो तेव्हापासून ओळखत होता. मैदानाच्या कडेला चहाची टपरी होती, तिथे दोघं उभे होते. "एक्केचाळीस म्हणजे भुवडा, तू उभा आहेस हेच नवल आहे. बॉयलर कसा सांभाळतोस?"

"चालतं."

"झोप येत नाही?"

"पडतो. डोळे मिटतो. मग उठतो."

इक्बालने बशीतला चहा फुंकला आणि आवाज खाली आणला. "एक सांगतो. ऑफिसात बोलायचं नाही. चकती माणूस ओळखते कशावरून? कातडीवरून. कातडीवर बारीक जंतू असतात, प्रत्येकाचे वेगळे. पण एका घरात राहणारी, एका ताटातलं खाणारी, एका टॉवेलला पुसणारी माणसं असतात ना, त्यांचे सारखे होतात. चकतीला फरक कळत नाही. निम्मा घाट बायकांच्या झोपेवर चाललाय. बायको चकती लावून घोरते आणि नवरा गाडी..."

तो तिथेच थांबला. रूपेश ट्रकांकडे बघत होता.

"माफ कर," इक्बाल म्हणाला. "जीभच ती."

"असू दे," रूपेश म्हणाला. "चहा गार होतोय."

त्याची बायको सुचिता जाऊन आठ महिने झाले होते. तिची मूत्रपिंडं गेली होती. चिपळूणच्या हॉस्पिटलात शेवटचे अकरा दिवस रूपेश आणि मुलगी मृण्मयी आळीपाळीने बसत. मृण्मयी कऱ्हाडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, रोज घाट उतरून यायची.

बॉयलरवर एक रीत असते. बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की जाणारा सगळं तोंडाने सांगतो: पाणी बरोबर, प्रेशर साडेदहा, पंप एक नंबर चालू, चार्ज दिला. येणारा पाण्याची काच बघतो, प्रेशरचा काटा बघतो आणि म्हणतो, चार्ज घेतला. हे दोन शब्द कानावर पडेपर्यंत पाय हलत नाही. तेवीस वर्षांत रूपेशने ही रीत एकदाही मोडली नव्हती.

त्या दिवशी त्याची दुसरी पाळी होती. तिकडे कारखान्यात आधीच्या पाळीचा तांबे सोळा तास बॉयलरसमोर उभा होता आणि रूपेशची वाट बघत होता. मृण्मयीचा फोन आला, एसटीत आहे, पोचतेच. सुचिता झोपली होती. रूपेशने घड्याळ बघितलं, तांब्याचा विचार केला, सिस्टरला म्हणाला, मुलगी येतेच आहे, आणि निघाला. बदली आली नव्हती.

मृण्मयी चाळीस मिनिटं उशिरा पोचली. घाटात एका ड्रायव्हरच्या छातीत कळ आली होती आणि ट्रक वळणावर आडवा उभा होता. खाली शिरगावला यादीत पासष्टच्या वरचा एकही माणूस शिल्लक नव्हता. त्या चाळीस मिनिटांत सुचिता गेली.

बॉयलरसाठी त्याने जागा सोडली नाही. बायकोची सोडली. रोज पाठ टेकली की हे वाक्य यायचं, आणि तो उठायचा. बिजागरीला तेल घाल, स्कूटर पूस, बाल्कनीतल्या कुंड्या हलव. घाटावर ड्रायव्हर कमी पडतात हे ऐकल्यापासून त्याने एकच ध्यास घेतला होता: त्या यादीत आपलं नाव हवं. पुन्हा कोणाची एसटी अडकली तर खाली एक तरी माणूस असायला हवा.

परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी म्हणून मृण्मयी महिनाभर घरी होती. तिसऱ्या चाचणीच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने चकती तिच्या पुस्तकावर ठेवली.

"आज ही तू लावून झोप."

तिने पानात बोट घालून पुस्तक मिटलं. "कशाला?"

त्याने सांगितलं.

"पप्पा, तुम्ही सलग चार तास शेवटचे कधी झोपलात?"

"झोपतो की."

"मी पलीकडच्या खोलीत असते. पंख्याला तेल घालणारा माणूस झोपलेला नसतो."

"एकदाच, मृणू. नाव लागू दे. मग मी डॉक्टरकडे जाईन, गोळ्या घेईन, तू म्हणशील ते करीन."

"नाही. हा आकडा कशासाठी असतो ते मी वर्गात शिकलेय. तुम्ही दरीत जाल."

"तेवीस वर्षं बॉयलर सांभाळलाय मी."

"बॉयलर वळत नाही पप्पा."

तो उभा राहिला, खिडकीपाशी गेला, परत आला. "त्या दिवशी खाली एक माणूस जरी असता, तरी तुझी एसटी..."

मृण्मयीने मान खाली घातली होती. ती पुस्तकाच्या कडेवरून नख फिरवत राहिली. मग तिने हात पुढे केला.

"द्या. पण झोप माझी असेल तर गाडीत मीपण बसणार. उद्या सुट्टी संपतेय, हॉस्टेलला जायचंच आहे मला."

सकाळी आकडा आला, पंच्याऐंशी. सातला रूपेश पाळीवर गेला. तीनला सुटला. चारला शिरगावला पोचला तेव्हा मृण्मयी बॅग घेऊन मैदानात उभी होती. मॅडमनी आकडा बघितला आणि भुवया वर केल्या.

"काय हो भुवड, औषध केलंत वाटतं?"

"लागली झोप," रूपेश म्हणाला. मृण्मयीने चपलेचा पट्टा सारखा केला.

ट्रकमध्ये चोवीस टन खत होतं. पडद्यावर अक्षरं आली: जागांक एकाहत्तर, स्टिअरिंग सोडत आहे. चाक हाताखाली सैल झालं. इतक्या वर्षांनी.

"हवा साडेआठ, ब्रेक बरोबर, माल चोवीस टन," तो सवयीने बोलून गेला. "चार्ज घेतला."

"कोणाशी बोलताय?" मृण्मयी हसली.

"हिच्याशी," त्याने पडद्याकडे मान केली. "हिला काय, सांगितलं तर ऐकते बिचारी."

पहिली तीन वळणं त्याने अशी काढली की मृण्मयीही बघत राहिली. गिअर कुठे पाडायचा, पुढचं चाक किती बाहेर काढायचं, सगळं हाताला आठवत होतं. समोरून एक टेम्पो आला. त्याने दोन बोटं उचलली, टेम्पोवाल्याने दिवा दिला आणि थांबला. रूपेशला वाटलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा आपण कुठेतरी बसलोय. आरशात मागे लाल एसटी दिसत होती, चिपळूण-कऱ्हाड. डावीकडे खाली दरी, ऊन उतरत आलेलं.

"पाचवं वळण आता कठीण आहे," तो म्हणाला. "तिथे उजवीकडून दगड येतात."

मृण्मयीने त्याच्याकडे बघितलं. "कुठलं पाचवं?"

"पुढचं."

"पप्पा, ते झालं. तिथे दगड होते, तुम्ही बाहेरून काढलीत गाडी. हे सहावंसुद्धा गेलं."

रूपेशला काही आठवेना. चौथं वळण आठवत होतं, तिथली पांढरी भिंत आठवत होती. त्यानंतर थेट मृण्मयीचा आवाज. मधली दोन वळणं गायब होती. डोळे उघडे होते, हात चालले होते, चोवीस टन माल दरीच्या कडेने गेला होता आणि आत कोणी नव्हतं.

त्याने पडद्याकडे बघितलं. एकाहत्तर. सगळं ठीक.

आता पुढे सातवं, सगळ्यांत अवघड वळण. त्यानंतर अकरा किलोमीटर. तो जीभ चावू शकत होता, काच खाली करू शकत होता, मृण्मयीला बोलत राहा म्हणू शकत होता. वर पोचला की नाव यादीत. आणि इथे थांबला तर घाट बंद. मागे एसटी. एसटीत कोण कोणाकडे निघालंय, कोणाला माहीत.

मृण्मयीचा एक हात दाराच्या कडीवर घट्ट होता. त्याला तो हात दिसला.

सातव्या वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूला थोडी जागा होती, ट्रक अर्धाच मावला. त्याने हँडब्रेक ओढला आणि मदतीचं लाल बटण दाबलं. पडद्याने विचारलं: जागांक एकाहत्तर. थांबण्याचं कारण?

"जागांक माझा नाही," रूपेश म्हणाला.

दोन मिनिटांत मॅडमचा फोन. त्याने सगळं सांगितलं, मुलीचं नाव मात्र घेतलं नाही. मॅडमनी विचारलंही नाही. "नाव कटणार, भुवड. आणि कारखान्यालाही कळवावं लागेल मला."

"कळवा. बदली पाठवा आधी."

"परकार निघालाय. अर्धा तास धरा."

मृण्मयीने उतरून चाकांना दगड लावले. तोवर एसटीचा कंडक्टर धावत आला. "अहो, हे काय थांबायचं ठिकाण आहे? मागे नऊ गाड्या लागल्यात! बसमध्ये एका बाईची सून बाळंतपणाला गेलीय कऱ्हाडला, ती डोकं खातेय माझं!"

"चुकलं माझं," रूपेश म्हणाला. "बदली येतेय. त्यांना म्हणावं, अर्धा तास."

कंडक्टरला भांडायचं होतं, पण असं उत्तर आल्यावर तो दोन शिव्या तोंडातच घोळवत परत गेला. रूपेश स्टिअरिंगला धरून बसून राहिला. मृण्मयी वर चढून बसली.

"मीच घाट बंद केला, मृणू."

"हो. केलात."

त्याची मान पुढे आली. त्याने मांडीला चिमटा घेतला.

"झोपा तुम्ही," मृण्मयी म्हणाली.

"बदली आल्याशिवाय नाही."

"ठीक आहे. मग मला द्या. काय काय बघायचं?"

"उगाच काहीतरी."

"सांगा ना. काय बघायचं?"

त्याने बोट दाखवलं. "हा ब्रेकच्या हवेचा काटा. सहाच्या खाली आला तर मला उठवायचं. हँडब्रेक ओढलेला आहे. दगड बघून आलीस?"

"चारही. हवा आठ, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. चार्ज घेतला."

तिने ते अगदी बॉयलरवाल्यासारखं म्हटलं.

"त्या दिवशी मी थांबलो नाही. तुझी वाट न बघता..."

"मला माहितीय. सिस्टरनी सांगितलं होतं." ती काट्यावरची नजर न काढता बोलत होती. "मी पोचले तेव्हा आईचा हात गरम होता. मी तिचे डोळे मिटले. केस विंचरले, वेणी सुटली होती ती घातली. सलाइनची सुई मी काढली, सिस्टरना हात लावू दिला नाही. मग तुम्ही येईपर्यंत तीन तास तिथून हलले नाही. मी घेतला होता चार्ज, पप्पा. तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही विचारलंच नाहीत, आणि मला वाटायचं, उशीर मी केला, आता कुठल्या तोंडाने सांगू."

रूपेशने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्याचा हात स्टिअरिंगवरून घसरून मांडीवर आला. मृण्मयी बघत होती, तेवढ्यात त्याचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं.

खाली हॉर्न वाजत होते. कोणीतरी ओरडत होतं. तो हलला नाही.

इक्बाल एका मोटरसायकलच्या मागे बसून आला, दार उघडलं आणि वर चढता चढता म्हणाला, "काय रे भुवडा, माझ्या चहाच्या वेळेला..."

मृण्मयीने ओठांवर बोट ठेवलं. इक्बालने रूपेशकडे बघितलं, मग तिच्याकडे. टोपी मागे सारली. दोघांनी मिळून रूपेशला सीटच्या मागच्या फळीवर सरकवलं. त्याची चप्पल खाली पडली, ती मृण्मयीने उचलून त्याच्या पायाशी ठेवली. स्वतःच्या पर्समधून चकती काढून तिने ती त्याच्या कानामागे बसवली. त्याचीच होती ती.

इक्बाल सीटवर बसला. किल्लीकडे हात नेणार, तोच मृण्मयी म्हणाली, "थांबा चाचा. असं नाही."

"मग कसं?"

"हवा आठ. ब्रेक बरोबर. चाकांचे दगड काढायचे आहेत. माल चोवीस टन." तिने मागे वळून बघितलं. "आणि मागे एक माणूस झोपलाय. चार्ज दिला."

इक्बालने काटा बघितला. आरसा बघितला. मग मागे वळून फळीवरच्या माणसाकडे, त्याच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघितलं.

"चार्ज घेतला," तो म्हणाला.